सीट शिवायला शिकायला गेलो आणि 42,500 ला बसलो

बरेच दिवस लिहू की नको करत होतो कारण आपणच मूर्ख ठरतो, पण गेल्या आठवड्यात जे बघितलं त्यानंतर म्हटलं लिहूनच टाकू. लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

आमच्याकडे बाबांची 1999 ची मारुती 800 आहे. इंजिन टकाटक, पण सीटची पार वाट लागलेली, ड्रायव्हर सीटचा फोम भुसा होऊन खाली सांडायचा आणि उतरलं की पँटीला पिवळी पावडर. बाहेरून करून घेता आलं असतं, पण मला हाताने काहीतरी करायची हौस, त्यात व्हीआरएस घेतलेली, रविवार काय आणि सोमवार काय. म्हटलं आपणच शिकू, सीट कव्हर शिवणं म्हणजे काय रॉकेट सायन्स आहे का (आहे, थोडंफार).

ऑनलाइन जाहिरात दिसली. सीट अपहोल्स्ट्रीचं काम शिका, चार रविवार, सोबत मशीनसकट पूर्ण किट. फोटोत राखाडी रंगाची चकाचक मशीन, मागे फुलाफुलांचा पडदा. फोन केला तर माणूस इतका गोड, दादा दादा करत अर्धा तास बोलला. पुण्याच्या बाहेर हायवेला एक शेड होती त्याची, तिथे गेलो. सगळे त्याला मास्तर म्हणायचे, मीपण म्हणायला लागलो. हिशोब त्याने वहीच्या कागदावर मांडला: मशीन 24,000, ओरिजिनल लेदर 59 स्क्वेअर फूट 140 ने 8,260, चाळीस डेन्सिटी फोमच्या दोन शीट 4,200, दोरा-पक्कड-रिंगा 1,500, क्लासचे 5,000. झाले 42,960, "तुमच्यासाठी 42,500 करतो दादा". बिल मागितलं तर म्हणे बिल घेतलं तर जीएसटी वेगळा लागेल, कशाला उगाच. मी पण लगेच हो म्हटलं, पैसे वाचले म्हणून खूश. 15,000 तिथल्या तिथे यूपीआय केले, बाकीचे 27,500 टेम्पो घरी आल्यावर.

आता मशीनचं ऐका. सीटच्या कामाला वॉकिंग फूट मशीन लागते, म्हणजे तिला कापड दाबणारे पाय दोन असतात, आतला आणि बाहेरचा, ते आळीपाळीने वर-खाली होत कापड पुढे ढकलतात आणि आतल्या पायासोबत सुईपण पुढे सरकते. त्यामुळे जाड थर असले तरी वरचा थर मागे राहत नाही. मास्तरने मला डेमो दिला होता, रेक्झिनचे दोन तुकडे एकावर एक ठेवून झरझर शिवून दाखवले आणि मी बघतच राहिलो. पण दोन थर तर कुठलीही मशीन शिवते हो! घरी आणून पायपिंग लावायला गेलो, चार थर आणि मध्ये दोरी, तर सुई अडकली, दोरा तुटला, परत घातला, परत तुटला, तिसऱ्यांदा सुईच मोडली. ती साधी एका सुईची टेलरची मशीन होती, तिला टेफलॉनचा पाय लावलेला आणि वरून स्प्रे पेंट मारलेला. बोटाने चाकापाशी खरवडलं तर खाली जुना हिरवा रंग निघाला.

मला वाटलं माझंच चुकतंय. मास्तर पण हेच म्हणायचा, हात बसेल दादा, दोन महिने लागतात. दोन रविवार क्लास झाला, त्यात एक दिवस नुसतं मारुतीचं जुनं कव्हर उसवणं. तिसऱ्या रविवारी शेडला कुलूप, फोन स्विच ऑफ.

मग नाना पेठेत एक वयस्कर कारागीर आहेत, त्यांच्याकडे गेलो, चाचा म्हणतात सगळे. लेदरचा रोल बगलेत घेऊनच गेलो. त्यांनी तो उलगडलापण नाही, नुसतं बघून हसले. म्हणाले, "साहब, चमडा कभी रोल में आता है क्या?" तिथेच माझी ट्यूब पेटली. खरं कातडं जनावराच्या आकाराचं येतं, कडा वेड्यावाकड्या, एखादा डाग, मानेकडे सुरकुत्या, आणि ते स्क्वेअर फुटात विकतात कारण सरळ मापताच येत नाही. माझा माल 54 इंच पन्ह्याचा, कडा पट्टीने कापल्यासारख्या सरळ, चार मीटर. आता 54 इंच गुणिले चार मीटर करून बघा, बरोबर 59 स्क्वेअर फूट होतात. म्हणजे साडेतीनशे रुपये मीटरचं रेक्झिन मास्तरने फुटात मोजून मला 8,260 ला दिलं. उलटं करून बघितलं असतं तरी कळलं असतं, मागे सरळ सरळ विणलेलं कापड होतं, कातड्याच्या मागे लव असते. चाचांनी एक चिंधी कापून काडी लावली तर काळा थेंब वितळून खाली पडला आणि प्लास्टिकचा वास. खरं कातडं जळतं तेव्हा केस जळल्यासारखा वास येतो.

फोमचं डोकं मलाच चाललं. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरचं वजन, किलोत. सहा बाय तीन फुटाची दोन इंची शीट चाळीस डेन्सिटीची असेल तर साधारण 3.4 किलो भरायला हवी. गल्लीतल्या रद्दीवाल्याच्या काट्यावर टाकली, 1.9. रद्दीवाला विचारतो, साहेब विकायचीय का?

पण पैशापेक्षा जास्त राग मला एका गोष्टीचा आहे. पुतण्याच्या नवीन गाडीला सीटमध्येच साइड एअरबॅग आहेत आणि मास्तर म्हणाला होता, काही होत नाही, जाड नायलॉन दोऱ्याने मारा डबल शिलाई, त्याच्यावरच प्रॅक्टिस करा. चाचांना सांगितलं तर ते उठून उभेच राहिले. अशा सीटच्या बाहेरच्या कडेची शिलाई मुद्दाम कच्च्या दोऱ्याची असते, बॅग फुगली की ती फाटलीच पाहिजे. तिथे मी डबल शिलाई मारली असती तर बॅग आतच अडकली असती. त्या सीटच्या खालच्या पिवळ्या कनेक्टरलापण हात लावायचा नसतो. नशीब माझी मशीनच चालली नाही!

तक्रारीचं म्हणाल तर उशीर झाला होता. 1930 ला फोन केला, तो सायबर फ्रॉडचा नंबर, पैसे गेल्या गेल्या केला तर उपयोग, मी दोन महिन्यांनी केलेला. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर माहिती नीट मिळाली, पाच लाखांच्या आत ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि दोन वर्षांत तक्रार करता येते. पण नोटीस पाठवायची कुणाला? शेड भाड्याची, मालकाकडे साधा करारसुद्धा नाही. माझ्याकडे बिल नाही, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर "100% ओरिजिनल लेदर" लिहिलेला मेसेज आणि यूपीआयची एंट्री, ती पण कुठल्या तरी बाईच्या नावावर.

मशीन पिशव्या शिवणाऱ्या एका ताईंना 8,000 ला दिली, खरं काय ते सांगून. चाचांकडे आता शनिवारी जातो, फुकट शिकवतात, चहा मात्र मी आणायचा. मागची सीट रेक्झिनचीच केली, शिलाई थोडी नागमोडी आहे पण बाबा बसतात.

आणि लिहायचं कारण हे, की गेल्या बुधवारी परत तीच जाहिरात दिसली. नाव वेगळं, नंबर वेगळा, गाव नाशिककडचं. मशीन या वेळी निळी आहे, पण मागचा फुलाफुलांचा पडदा तोच.