१९८३च्या जीप सीजे-७ला रीबिल्ट पॉवर स्टिअरिंग बॉक्स : एक हिवाळा, एक उन्हाळा वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो, मग कारणं. रीबिल्ट बॉक्स, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी आणि झिजलेले भाग बदलून पुन्हा बांधलेली गिअरची पेटी, डोळे झाकून घ्यावा असा आहे. त्याच्याबरोबर सेटमध्ये येणारा, बॉक्सला दाबाने तेल पुरवणारा पंप मात्र मी पुन्हा घेणार नाही.

गाडी १९८३ची सीजे-७. ४.२ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, टायर ३१ इंची. मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. ही जीप जिथे बनली ते टोलिडो इथून दक्षिणेला तासाभरावर आणि तिचा स्टिअरिंग बॉक्स ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो ते सॅगिनॉ उत्तरेला दीड तासावर. जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ विभागाचे हे बॉक्स फक्त जीपमध्ये नव्हते, त्या काळच्या कितीतरी अमेरिकन कार आणि पिकअपमध्ये होते. म्हणून तर चाळीस वर्षांनंतरही त्यांचे सुटे भाग मिळतात आणि ते ओव्हरहॉल करून विकणाऱ्यांचा धंदा चालतो. महाराष्ट्रात महिंद्राच्या जुन्या जीप जपणारे मित्र या बॉक्सबद्दल विचारतात, पण त्यांच्या सीजे-३बीला पॉवर स्टिअरिंग नव्हतंच. तिथे हा बॉक्स चढवायचा तर चेसिसपासून काम काढावं लागेल.

माझ्या जुन्या बॉक्सच्या दोन तक्रारी होत्या. खालून, पिटमन आर्मच्या (बॉक्समधून निघून चाकांचे दांडे हलवणारा हात) बाजूने तेल गळायचं आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंगमध्ये भरपूर प्ले (ढिलेपणा) होता. प्ले काढायला वरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळायचा सल्ला सगळेच देतात. त्याने फार काही साधत नाही. गाडी बहुतेक वेळ सरळच धावते, त्यामुळे आतल्या सेक्टर शाफ्टचे (पिटमन आर्म फिरवणारा दातेरी दांडा) मधले दात आणि त्यासमोरची रॅक (दातेरी पट्टी) सर्वांत जास्त झिजतात. मधली झीज भरून काढायला स्क्रू आवळला की कडेचे न झिजलेले दात जाम होतात आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. अशी जीप हायवेवर चालवणं धोक्याचं आहे.

विकणाऱ्यांतला फरक इथेच कळतो. बरेच जण तेल अडवणारे रबरी सील बदलतात, बाहेरून चकचकीत काळा रंग मारतात आणि रीबिल्ट म्हणून विकतात. मी ज्यांच्याकडून घेतला तो ओहायोमधला छोटा कारखाना आहे. जवळच असल्यामुळे स्वतः गाडी काढून गेलो. मालकांनी टेबलावर दोन सेक्टर शाफ्ट ठेवले आणि सील बसतं त्या जागेवर नख फिरवून बघायला सांगितलं. पहिल्यावर नख चक्क अडकलं. सीलच्या ओठाने इतक्या वर्षांत पोलादावर गोल खाच पाडली होती. दुसऱ्यावरून नख काचेवरून जावं तसं सरकलं. खाचेच्या शाफ्टवर कितीही भारी सील घाला, थोड्या दिवसांत पुन्हा तेल टपकणार. त्यांच्याकडे अशी खाच असलेला शाफ्ट बाद होतो. खालचं नीडल बेअरिंग, दोन्ही सील, रॅक पिस्टनची टेफ्लॉन रिंग, व्हॉल्व्हच्या रिंगा हे सगळं नवं. वर्मवरच्या (स्टिअरिंगबरोबर फिरणारा आतला स्क्रू) पोलादी गोळ्या मापून घालतात. शेवटी बॉक्स टेस्ट बेंचवर प्रेशरखाली दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवतात आणि टेस्टचे आकडे बॉक्सवर टॅग करून देतात. बॉक्सला तेलाचे होज (नळ्या) जोडायच्या तोंडांना बूच लावलेलं होतं. आत कचऱ्याचा एक कण जरी गेला तरी व्हॉल्व्हची वाट लागते, त्यामुळे हे बूच पाहून मला फार बरं वाटलं.

ऑर्डर देताना त्यांनी विचारलं, गाडी १९८०च्या आधीची की नंतरची? होज जोडायला जुन्या बॉक्सला फ्लेअर (पसरट तोंडाचं) फिटिंग असतं, नंतरच्याला मेट्रिक मापाचं, ओ-रिंगचं (गोल रबरी कडीचं). हा प्रश्न न विचारता बॉक्स पाठवणाऱ्याकडून काही घेऊ नका. जुना बॉक्स परत येईपर्यंत ते डिपॉझिट ठेवून घेतात. बॉडीला तडा असेल किंवा बोल्टचा कान तुटलेला असेल तर डिपॉझिट परत नाही. अट रास्त आहे, कारण तसा बॉक्स त्यांच्या कामाचाच नाही.

बसवायला एक पूर्ण शनिवार-रविवार गेला. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर इतकं मीठ ओततात की पिटमन आर्म शाफ्टशी एकजीव झाला होता. पुलर लावून आणि गरम करून तो सुटला. परत बसवताना त्याचा नट १८५ फूट-पाउंडांनी आवळायचा असतो, साधा हातपाना तिथे पुरत नाही. बॉक्स उतरवला आहे तर चेसिस नीट तपासा. सीजेमध्ये बॉक्स ज्या जागी बोल्टने बसतो तिथे चेसिसला तडे जातात, हे या गाड्यांचं जुनं दुखणं. माझ्याही गाडीत एका भोकाशी केसाएवढी चीर सापडली. तिला वेल्डिंग केलं आणि जाड पट्टीचा ब्रॅकेट लावला. हे न करता नवा बॉक्स बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. होज नवे घातले. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत हवा काढली. तेलात बुडबुडे येणं थांबल्यावरच इंजिन चालू केलं.

आता अनुभव. हायवेवर पहिल्याच दिवशी फरक कळला. पूर्वी लेनमध्ये राहण्यासाठी सतत इकडून तिकडे सावरावं लागायचं, आता हात हलका ठेवला तरी जीप सरळ जाते आणि वळणातून बाहेर पडल्यावर स्टिअरिंग स्वतःहून मध्ये येतं. कडाक्याच्या थंडीत सकाळी जरा जड वाटतं, तेल तापलं की मोकळं होतं. उन्हाळ्यात सिल्व्हर लेकच्या वाळूच्या टेकड्यांवर नेली. खरी परीक्षा तिथली: वेग कमी, टायर वाळूत रुतलेले आणि प्रत्येक वळणाला पंपावर पूर्ण ताण. बॉक्सने कुठेही कुरकुर केली नाही. गॅरेजमध्ये त्याच्याखाली पुठ्ठा टाकून ठेवला आहे, तो अजून कोरडा आहे. अ‍ॅडजस्टिंग स्क्रूला मी हात लावलेला नाही. लावला तर वॉरंटीही जाते.

पंपाचं मात्र तसं नाही. पंप हे कारखानावाले स्वतः उघडत नाहीत, दुसरीकडून तयार आणून सेटमध्ये घालतात. वाळूतल्या त्या फेरीनंतर पुलीमागून तेल पाझरू लागलं आणि स्टिअरिंग टोकाला नेलं की रडका आवाज यायला लागला. टोकाला धरून ठेवल्यावर जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, तेल तापतं, थोडा आवाज होणारच. पण हा त्याहून जास्त होता. पंप बसवण्याआधी तेलाच्या नळ्या धुऊन काढल्याचे फोटो मागून त्यांनी पंप बदलून दिला, वाद घातला नाही. बदललेला पंप ठीक चालतो, पण बॉक्समागे जी मेहनत दिसते ती त्यात नाही. पुली प्रेस-फिट (दाबून घट्ट बसवलेली) असते, ती काढायला-बसवायला वेगळं टूल लागतं, हातोड्याने ठोकली की पंप गेलाच समजा. सेट विकताना निदान हे तरी आधी सांगायला हवं होतं.

या विक्रेत्यांना मी दोन गोष्टी कळवल्या आहेत. पंप सेटमधून काढून बॉक्स एकटा विकायला ठेवा, पंप कुठला घ्यायचा ते गिऱ्हाईक ठरवेल. आणि प्रत्येक बॉक्सबरोबर त्याच्या शाफ्टचा, सील बसायच्या जागेचा, जवळून काढलेला फोटो पाठवा, कारण लांबच्या राज्यातल्या माणसाला तुमच्या टेबलापर्यंत येऊन नख फिरवता येत नाही. फोटोचं त्यांनी मान्य केलं आहे. पंपाबद्दल अजून उत्तर आलेलं नाही, तोवर तुम्ही ऑर्डर देताना फक्त बॉक्सच मागा.