फ्लेवर्ड चहा घरी पारखताना : गोव्याच्या उन्हाळ्यात आणि पावसात वापरल्यानंतरचा अनुभव

पाकीट उघडल्यावर जो घमघमाट येतो, त्यावरून फ्लेवर्ड चहाची किंमत ठरवू नये. तो वास बहुधा वर फवारलेल्या तेलाचा किंवा अर्काचा असतो आणि उकळतं पाणी पडलं की त्याचा बराच भाग वाफेबरोबर निघून जातो. कपात जे उरतं ते मुख्यतः मूळ पानाचं. उन्हाळा आणि पावसाळा, दोन्ही ऋतूंत बर्गमॉट (एक लिंबूवर्गीय फळ), मोगरा, काश्मिरी काहवा, मसाला, जास्वंद आणि चॉकलेट-व्हॅनिला अशी मिश्रणं आळीपाळीने वापरून आमचं मत पक्कं झालं आहे : पान चांगलं असेल तर वास थोडा कमी असला तरी चहा प्यावासा वाटतो. पान हलकं असेल तर वास कितीही छान असो, कप अर्धा राहतो.

तुलना करायची तर आधी चमचा बाजूला ठेवा. एका सपाट चमच्यात सीटीसीचे (म्हणजे यंत्रात चुरडून केलेल्या नेहमीच्या दाणेदार चहाचे) दाणे सहज अडीच-तीन ग्रॅम बसतात, तर लांब पानाचा चहा दीड-दोन ग्रॅमच. सुकी फळं आणि पाकळ्या असलेल्या मिश्रणाचा तर काहीच भरवसा नाही. दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या. चहा चाखण्यासाठी आयएसओ ३१०३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात १०० मिली उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटं असं प्रमाण दिलं आहे. पण ती रीत सगळे कप एकाच मापाने जोखण्यासाठी, चहातले दोष उघडे पाडण्यासाठी आहे. तसा कप कडक होतो, रोज पिण्याचा नव्हे. घरी १५० मिलीला ३ ग्रॅम, काळा चहा ४ मिनिटं आणि हिरवा अडीच मिनिटं हे प्रमाण चांगलं चाललं.

हिरव्या चहाला पाणी ८० अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटर नसेल तर तीन वाट्या उकळत्या पाण्यात एक वाटी साधं पाणी मिसळा, तेवढ्यावर येतं. उकळतं पाणी थेट ओतलं तर कडवटपणा इतका चढतो की मोगऱ्याचा वास असूनही जाणवत नाही, आणि मग दोष फ्लेवरला दिला जातो.

कप पांढरे आणि एकसारखे घ्या. चहा गाळल्यावर ओलं पान हुंगा, कोरड्यापेक्षा ते जास्त खरं बोलतं. पहिला घोट गरम, दुसरा कोमट, तिसरा जवळजवळ गार झाल्यावर घ्या. कृत्रिम फ्लेवर बहुधा या तिसऱ्या घोटाला उघडा पडतो : औषधाच्या सिरपसारखी एकसुरी गोडूस चव जिभेच्या मागे राहते. दोन कपांमध्ये साध्या पाण्याची चूळ आणि उंड्याचा (गोव्यातल्या गोल, कडक पावाचा) कोरडा तुकडा पुरतो. क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवा. लवंग आणि पुदिना असलेली मिश्रणं नेहमी शेवटी, कारण लवंगेतलं युजेनॉल जीभ किंचित बधिर करतं आणि पुदिन्याचा गारवा पुढच्या कपातही येत राहतो.

पाण्याकडे गोव्यात विशेष लक्ष द्यावं लागतं. नळाचं पाणी इथे साधारण मृदू, म्हणून चहावर सायीसारखा थर सहसा येत नाही आणि रंग स्वच्छ उतरतो. अडचण असते ती क्लोरीनची. ते पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवलं किंवा साध्या कार्बन फिल्टरमधून घेतलं की बर्गमॉट आणि मोगरा दोन्ही मोकळे होतात. आरओचं पाणी या कामाला फार पोकळ पडतं, चहा टोकदार लागतो पण भरीव लागत नाही. जांभ्या दगडातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर चहातल्या टॅनिनशी संयोग होऊन कप काळपट-निळसर होतो आणि चव धातूसारखी येते. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. अशा पाण्यात कुठलंही नाजूक मिश्रण चाखून मत बनवू नये.

आता मिश्रणांविषयी. बर्गमॉट म्हणजे मुख्यतः इटलीतल्या कालाब्रियात होणारं लिंबूवर्गीय फळ. त्याच्या सालीच्या तेलाने अर्ल ग्रे हा सुगंधी चहा बनतो. निलगिरी डोंगरातल्या चहाच्या पानावर तो सगळ्यात छान बसला, कारण तो चहा मुळातच हलका आणि सुगंधी असतो. आसामच्या जड पानावर तेच तेल दबतं, मग कंपन्या ते जास्त घालतात आणि कपाला साबणासारखी चव येते. या तेलातलं लिमोनीन हवेशी संयोग पावून बिघडतं. जुन्या पाकिटाला टर्पेंटाइनसारखा वास येऊ लागला तर ते संपवत बसू नका.

मोगऱ्याचा हिरवा चहा हा या सगळ्यांत आमचा आवडता. खऱ्या पद्धतीत संध्याकाळच्या कळ्या चहाबरोबर मिसळून रात्रभर ठेवतात, कळ्या उमलताना सोडलेला सुगंध पान शोषून घेतं, सकाळी फुलं काढून टाकतात आणि हे अनेक रात्री चालतं. त्यामुळे पाकिटात भरपूर सुकी फुलं दिसणं हा चांगल्या मालाचा पुरावा नव्हे. खरी परीक्षा दुसऱ्या पाण्याला होते. तेच पान पुन्हा भिजवल्यावरही सुगंध टिकला तर तो पानात मुरलेला आहे. दुसऱ्या कपात नुसती गवताची चव आली तर फवारा मारलेला समजा.

मसाला चहाची तयार मिश्रणं आम्हाला पटली नाहीत. त्यांतली वेलची भुकटी झालेली असते, आणि भुकटीचा वास लवकर उडतो. शिवाय बारीक मसाला पाकिटाच्या तळाशी बसतो, म्हणजे वरचा चहा फिका आणि शेवटचा जळजळीत. असं पाकीट वापरायचंच तर प्रत्येक वेळी उलटंसुलटं करून मग चमचा घाला. त्यापेक्षा फोंड्याच्या मसाल्याच्या बागांतली किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली अख्खी वेलची घेऊन ऐनवेळी कुटणं स्वस्तही पडतं. दोन कपांसाठी २०० मिली पाण्यात ५ ग्रॅम ठेचलेलं आलं आणि दोन वेलच्या घालून चार मिनिटं उकळा, मग ५ ग्रॅम सीटीसी घालून दोन मिनिटं, मग १०० मिली दूध. आलं आधी उकळायलाच हवं. कच्च्या आल्यातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि दूध फाटतं. उकळीने ते निकामी होतं. गूळ घालायचा तर गॅस बंद करून. माडाचा काळा गूळ चवीला सुरेख, पण त्याची करपूस गोडी वेलचीला झाकते, तेव्हा तुलनेच्या कपात तो नको.

काहव्यातलं केशर आणि दालचिनी पाऊस पडत असताना फार सुखाची वाटते, फक्त सोललेले बदाम मिश्रणात आधीच असतील तर ते खवट होतात. बदाम कपातच घाला. जास्वंदाच्या मिश्रणात चहाचं पान नसतंच, त्यामुळे त्याला खदखदतं पाणी आणि सात-आठ मिनिटं चालतात. दूध घातलंत तर आंबटपणाने फाटेल. चॉकलेट-व्हॅनिला हुंगायला छान, प्यायला रिकामा. त्यावर पैसे घालू नयेत.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती जून ते सप्टेंबरची हवा. कारखान्यातून चहा येतो तेव्हा त्यात ओलावा साधारण ३ ते ५ टक्के असतो. इथल्या पावसाळ्यात उघडं पाकीट काही दिवसांतच त्याहून बरंच जास्त पाणी ओढून घेतं. ओळखण्याची खूण सोपी आहे : पान बोटांत चुरडलं तर कट्‌कन तुटायला हवं, वाकलं तर ओल शिरली. साधा चहा मंद आचेवर कोरडा करून वाचवता येतो. फ्लेवर्ड चहा तसा केला तर उरलेलं तेल उडून जातं. मनुका किंवा पाकवलेल्या फळांचे तुकडे असलेली मिश्रणं आणखी लवकर ओलावतात आणि त्यांवर बुरशी येते. असा माल सरळ टाकून द्यावा.

फ्रिज हा उपाय नाही, कारण डबा बाहेर काढून उघडला की थंड पानावर दव धरतं. घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा पत्र्याचा छोटा डबा, आत फॉइलचं पाकीट आणि सिलिका जेलची पुडी, एवढं पुरतं. डबा चहाने काठोकाठ भरेल इतकाच लहान हवा. अर्ध्या रिकाम्या डब्यात ओल आणि हवा दोन्ही कोंडलेली असतात. आणि तो सुक्या मासळीच्या बरण्यांच्या किंवा डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या कपाटाच्या आसपासही नको. चहा जसा मोगरा शोषतो तसेच सुके बांगडेही शोषतो.

घरी मिश्रण करायचं असेल तर ५० ग्रॅम साध्या निलगिरी चहात ५ ग्रॅम सुकवलेला गवती चहा आणि दहा वेलच्यांचे दाणे हे प्रमाण धरा. गवती चहा सावलीत वाळवायचा, पात मोडताना आवाज यायला हवा. हिरवी पात डब्यात घातली तर सगळा डबा आंबूस होतो. ताजी असेल तर ती कपातच. मिश्रण आठवडाभर बंद ठेवून मग चाखा. आधीच्या दिवसांत वेलची एकीकडे आणि चहा एकीकडे लागतो.

फरक खरा आहे की मनाचा, हे ठरवायला तीन कप घ्या. दोन एकाच चहाचे, एक दुसऱ्याचा. चिठ्ठ्या कपांच्या तळाला लावून दुसऱ्या कोणाकडून जागा बदलून घ्या आणि वेगळा कप ओळखा. तिनातून एकदा नुसत्या अंदाजानेही जुळेल, म्हणून पाच-सहा वेळा करा. महाग आणि मध्यम अर्ल ग्रेमधला फरक या पद्धतीने ओळखता आला नाही, तर मध्यमच घ्यावा.

खरेदी करताना घटकांचा क्रम वाचा. वजनाने जास्त असलेला घटक आधी छापतात. 'चहा' चौथ्या क्रमांकावर आणि आधी सफरचंदाचे तुकडे, जास्वंद वगैरे असेल, तर तुम्ही चहाचे नव्हे, फळांचे पैसे देत आहात. पॅकिंगची तारीख बघा आणि पावसाळ्याआधी ५० ग्रॅमपेक्षा मोठं पाकीट फोडू नका.