केटी पेरीचं ‘ई.टी.’ : परग्रहवासी गप्प आहे तोवरच मजा

विषय पुरूरवा-उर्वशीपासून चालत आलेला आहे. समोरचं माणूस या जगातलं नाही हे कळतंय, सगळे लांब राहा म्हणतायत, आणि पाय मात्र तिकडेच वळतायत. अमेरिकन पॉप गायिका केटी पेरीच्या ‘ई.टी.’ (एक्स्ट्राटेरेस्ट्रियल, म्हणजे परग्रहवासी) या गाण्यात अप्सरेच्या जागी परग्रहावरचा पुरुष आहे आणि राजाच्या जागी एक मुलगी, एवढाच फेरफार.

हे गाणं दोन रूपांत मिळतं. ऑगस्ट २०१० च्या ‘टीनएज ड्रीम’ अल्बममध्ये ते आठवं आहे; तिथे पेरी एकटी गाते. फेब्रुवारी २०११ मध्ये ते सिंगल म्हणून निघालं तेव्हा त्याला कान्ये वेस्टचं रॅप जोडलं. गाजलं ते दुसरं. बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत मधे खंड पडून एकूण पाच आठवडे ते पहिल्या क्रमांकावर होतं. या अल्बमची पुढे पाच गाणी पहिल्या क्रमांकावर गेली आणि मायकल जॅक्सनच्या ‘बॅड’शी बरोबरी झाली, त्या पाचांतलं हे चौथं. पण ऐकायचं असेल तर अल्बममधलंच ऐका. ॲपवर शोधताना गाण्याच्या नावापुढे कान्येचं नाव आहे का तेवढं बघा. लांबीवरूनही ओळखता येतं: अल्बममधलं साडेतीन मिनिटांच्या जरा आत संपतं, रॅपवालं पावणेचारच्या पुढे जातं.

गाण्याचा जीव तालात आहे. लय मिनिटाला ७६ ठोक्यांची. काही ॲप १५२ दाखवतात, तो हाच ताल दुप्पट मोजलेला. दोन जड ठोके आणि एक टाळी असा सांगाडा. क्वीन या रॉक बँडचं १९७७ चं ‘वी विल रॉक यू’ आठवल्याशिवाय राहत नाही, आणि गाणं आलं तेव्हाच समीक्षकांनी हे साम्य दाखवलं होतं. साम्य खरंच आहे, पण हेतू उलटा. तिथे टाळीनंतरची जागा सोडली आहे ती स्टेडियमभर लोकांनी भरावी म्हणून. इथे ती रिकामीच राहावी अशी व्यवस्था आहे. ७६ च्या लयीत एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत जवळपास ०.७९ सेकंद जातो. पॉपच्या मानाने हे अंतर बरंच आहे. त्यात टाळीचा घुमारा विरत जातो, खाली सिंथचा थर मंद चालू असतो, आणि कानाला वाटतं की जागा फार मोठी आहे आणि आत कुणी नाही. अंतराळ दाखवायला शिट्ट्या, किरणांचे आवाज, यंत्रमानवी बोलणं असा माल पॉपवाले सर्रास वापरतात. इथे ते काम बहुतेक या रिकाम्या जागेने केलं आहे.

ही जागा आली कुठून, त्याला कारण आहे. हा ठेका मुळात थ्री सिक्स माफिया या मेम्फिसच्या रॅप गटासाठी बांधला होता. रॅपचा ठेका बांधणारा मधला पट्टा मोकळा ठेवतो, कारण तिथे बोलणारा आवाज बसायचा असतो. पेरीने तिथे चाल बसवली. संगीत निर्मिती डॉ. ल्यूक, मॅक्स मार्टिन आणि ॲमो यांची, आणि लेखनाच्या श्रेयात हे तिघं आणि पेरी. मॅक्स मार्टिनचा हात ध्रुपदात ओळखू येतो: एक छोटा तुकडा थोड्या थोड्या बदलाने परत परत आणायचा, आणि तो तुमच्या डोक्यात घर करेपर्यंत थांबायचं नाही.

शब्दांत काव्य शोधायला जाऊ नका. डीएनए, लेझर, सुपरसॉनिक, मिती, तरंगलांबी असा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातला मालमसाला आहे. पण रचना बघा. कडव्यातल्या ओळी जवळजवळ सगळ्या सहा अक्षरांच्या, क्वचित पाच. मंत्र पुटपुटल्यासारख्या त्या एकामागून एक पडतात आणि ठोक्याला घट्ट चिकटून राहतात. ध्रुपदाआधीच्या भागात ओळी एकदम लांबतात, चाल वर चढते, पकड सुटते. मग ध्रुपद येतं ते आज्ञार्थी एकेका क्रियापदाचं, आणि त्या क्रियापदाचं पहिलं व्यंजन मुद्दाम अडखळत दोन-तीनदा म्हटलेलं. मजकूर एरवी खटकला असता. संसर्ग, विष, बळी, अपहरण हे सगळं ती स्वतःहून मागते आहे. इथे ते चालून जातं, कारण भीती तालाने आधीच पेरून ठेवलेली असते. शब्द फक्त तिला नाव देतात.

आणि सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे तो दिसतच नाही. डोळे कसे, हात कसे, उंची किती, काही नाही. मिळतात फक्त तिच्या अंगावर उमटलेले परिणाम: ओढ लागते, तरंगल्यासारखं होतं, अंग उजळतं. तो एक शब्दही बोलत नाही, त्यामुळे तो परका राहतो.

कान्येचं रॅप नेमकं हेच मोडतं. एक तुकडा अगदी सुरुवातीला आहे आणि एक शेवटाकडे. सुरुवातीच्या तुकड्यामुळे ठेक्याचे पहिले मोकळे ठोके झाकले जातात. गाणं जिथे श्वास धरायला लावतं तिथेच कुणीतरी गप्पा मारत आत शिरतं. आणि या माणसाकडे सांगण्यासारखं काय, तर मंगळावरचा बार त्याला ठाऊक आहे, आणि बाकी चावटपणा. ज्याच्यासाठी मुलगी जीव पणाला लावायला निघाली तो तोंड उघडल्यावर नाक्यावरच्या पोरांपैकीच निघतो. तांत्रिकदृष्ट्या रॅप वाईट नाही. ठेका रॅपसाठीच बांधलेला, तेव्हा आवाज त्यात चपखल बसतो. हिप-हॉप वाजवणाऱ्या रेडिओ केंद्रांचं दार त्यामुळे उघडलं असणार, हे उघडच आहे. पण साफसूफ केलेली रेडिओ आवृत्ती लावली तर मधले शब्द गाळल्याने पडलेले खड्डेही ऐकावे लागतात. मोकळी जागा आणि खड्डा यांतला फरक तिथे चांगला कळतो.

व्हिडिओ फ्लोरिया सिजिसमाँडी यांचा, मार्च २०११ च्या अखेरीस आलेला. त्यात एक चांगली उलटापालट आहे. गाण्यात माणूस असलेली पेरी इथे स्वतः परग्रहवासी होऊन उजाड पृथ्वीवर उतरते, निपचित पडलेल्या यंत्रमानवाचं चुंबन घेते आणि त्याचा माणूस होतो. ती भूमिका शॉन रॉस या मॉडेलने केली आहे. शेवटी तिचे पाय हरणाचे दिसतात. कान्ये वेगळ्या यानात बसून आपलं म्हणत राहतो आणि बाकी कथेशी त्याचा काडीचा संबंध येत नाही. रंगभूषा बघण्यासारखी, पण एकदा बघून पुरे.

आता कशावर ऐकायचं. फोनच्या स्पीकरवर हे गाणं अर्धंच वाजतं. गाणं एफ मायनरमध्ये आहे. खालचा एफ ४४ हर्ट्झच्या आसपास आणि त्यावरचा ८७ च्या आसपास पडतो, आणि फोनचा स्पीकर दोनशेच्या खाली जवळपास मुका असतो. मग उरते फक्त टाळी आणि आवाज. ठोक्यांचं वजन जातं आणि गाणं नुसतं संथ वाटू लागतं. ‘हे इतकं रटाळ का आहे’ अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बरेच जण ते फोनवर ऐकत असतात. कानात घट्ट बसणारे साधे इअरफोन घेतले तरी मोठा फरक पडतो. रबरी टोपी कानाच्या मापाची हवी. ढिली असेल तर सगळ्यात आधी खालचेच सूर निसटतात. छोट्या ब्लूटूथ डब्यावर बेस वाढवण्याच्या फंदात पडू नका. तो डबा तिथे फाटतो आणि वरचा आवाजही गढूळ करतो. त्यापेक्षा डबा भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा, खालचे सूर आपोआप उचलले जातात.

२०१० च्या सुमाराच्या बहुतेक पॉपप्रमाणे हेही दाबून (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करून), मोठ्या आवाजात तयार केलेलं आहे. स्ट्रीमिंग ॲप आवाज एका पातळीवर आणतात. स्पॉटिफायचं नेहमीचं प्रमाण उणे १४ एलयूएफएस (आवाज किती मोठा जाणवतो ते मोजायचं एकक) आहे. ती सोय बंद केली तर गाणं जास्त मोठ्याने वाजेल, जास्त चांगलं वाजणार नाही. राहू द्या ती चालू.

गॅदरिंगला किंवा कराओकेला हे गाणं घेणाऱ्यांसाठी थोडं विस्ताराने, कारण ते दिसतं तेवढं सोपं नाही.

पट्टी आधी. हार्मोनियमवर सा पांढरी चार आणि ग, ध, नि कोमल, म्हणजे सरळ आसावरी थाट. बोटं पडतात ती पांढरी चार, पांढरी पाच, काळी चार, काळी पाच, वरची पांढरी एक, काळी एक आणि काळी दोन यांवर. इथे नेहमीची गफलत अशी होते: ‘माझी पट्टी काळी पाच’ म्हणून गायिका अख्खं गाणं काळी पाचवर नेते. आपल्या गाण्यात सा बघून पट्टी ठरते, पण पॉपमध्ये चालीतला सगळ्यात वरचा सूर कुठे पडतो ते बघायचं असतं. ध्रुपद आधी म्हणून पाहा. वरचा सूर ताणून काढावा लागत असेल तर एकेक सेमिटोन (हार्मोनियमवरची शेजारची पट्टी) खाली या, आणि मग कडव्यातला सगळ्यात खालचा सूर ऐकू येतो की नुसती हवा येते ते तपासा. कराओके ट्रॅक ॲपमधून तीन-चार सेमिटोनांपेक्षा जास्त सरकवू नका. ठोका पिठासारखा भुसभुशीत होतो. जास्त उतरवायचं असेल तर त्या पट्टीत नव्याने केलेला ट्रॅक शोधा. मागचे आवाज ठेवलेला ट्रॅक मिळाला तर तोच घ्या. मूळ ध्रुपदात पेरीचा आवाज एकावर एक रचलेला आहे, एकट्या गळ्याने ते पोकळ वाटतं.

श्वासाचं गणित साधं आहे, तरी बहुतेक जण चुकतात. कडव्यात ओळी आखूड, म्हणून प्रत्येक ओळीनंतर श्वास घेतला जातो आणि गाणं तुकड्यातुकड्यांचं होतं. दोन ओळींनंतर घ्या. ध्रुपदाआधीच्या लांब ओळींसाठी साठा हवा, त्यामुळे कडव्याच्या शेवटच्या ओळीआधीचा श्वास पोटभर असू द्या.

उच्चारांत दोन जागा. ध्रुपदात ‘किस’ अडखळत म्हणताना येणारं पहिलं व्यंजन इंग्रजीत ‘क’ आणि ‘ख’ यांच्या मधलं, थोडी हवा सोडून म्हणतात. आपला कोरडा ‘क’ लावला तर ठोक्यावर नुसती टकटक होते. दुसरी जागा लांब शब्दांची. शीर्षकातल्या दोन अक्षरांचं लांब रूप, एक्स्ट्राटेरेस्ट्रियल, सहा अक्षरांचं आहे आणि जोर चौथ्यावर, ‘रेस’वर पडतो. आपण सगळी अक्षरं सारख्या वजनाने म्हणतो, त्यामुळे शब्द ठोक्याच्या पुढे पळतो. माइक तोंडापासून चार बोटं आणि जरा तिरका धरा, नाहीतर ‘प’ने सुरू होणारे शब्द स्पीकरमधून फटाक्यासारखे फुटतात.

साथीला ड्रमर असेल तर त्याला आधीच सांगा: ७६ मोजायचं. १५२ धरून दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर वाजवला की गाण्याचा डिस्को होतो. आणि ओळींच्या मधल्या जागा भरायच्या नाहीत. तबल्यावर केहरवा धरणाऱ्याचे हात लग्गीसाठी शिवशिवतील, त्याला तर हात जोडून विनंती करा. हॉलचंही बघावं लागतं. मंगल कार्यालयासारख्या फरशी आणि उंच छताच्या हॉलमध्ये आवाज दोन सेकंद घुमतो आणि इथे दोन ठोक्यांत अंतर पाऊण सेकंदाचं. म्हणजे एक टाळी विरायच्या आत पुढचे दोन ठोके येऊन आदळतात. अशा ठिकाणी मिक्सरवरचा रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) पूर्ण बंद करा, मागचे पडदे ओढा, आणि तरी घुमत असेल तर दुसरं गाणं निवडा.

घरी फोनवरून कराओके करताना माइकचा आवाज ब्लूटूथने स्पीकरवर नेऊ नका. ब्लूटूथमध्ये आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा पोचतो. ७६ च्या लयीत पाव ठोका होतो १९७ मिलिसेकंदांचा. तुमचा आवाज पाव ठोका मागून ऐकू येतो, मग तुम्ही नकळत थांबत थांबत गाता आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत ट्रॅक पुढे निघून जातो. जलद गाण्यात ही घसरण गर्दीत लपते, इथे लपायला जागा नाही. साधी ऑक्स वायर लावा.

विकत घेऊन ठेवायचं असेल तर २०१२ ची ‘द कम्प्लीट कन्फेक्शन’ ही वाढीव आवृत्ती घ्या. तीत दोन्ही रूपं आहेत, म्हणजे तुलना करता येते. २०१० ची मूळ सीडी जुन्या बाजारात मिळाली तर तिच्या पुस्तिकेला बुढ्ढी के बालचा वास दिलेला होता, पण इतक्या वर्षांनी त्या वासासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.