दांडपट्टेबाज कोणत्या क्लासवर उभा करावा: फायटर, रोग की मंक?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या रोलप्लेइंग खेळासाठी स्वतःचा सबक्लास (फायटर, रोग, मंक अशा क्लासची, म्हणजे पात्राच्या प्रकाराची, उपशाखा) लिहायला बसलं की बहुतेक जण आधी झकास नाव शोधतात, मग अठराव्या लेव्हलची जबरदस्त ताकद लिहून काढतात. हे सगळं कोणत्या क्लासला जोडायचं, हा प्रश्न शेवटी उरतो. माझ्या मते सुरुवातच या प्रश्नापासून व्हायला हवी, कारण नियमाचं तेच एक वाक्य एका क्लासमध्ये बेताचं ठरतं आणि दुसऱ्यात अख्खं टेबल बिघडवतं.

म्हणून इथे एकच कल्पना तीन क्लासवर लावून बघू. दांडपट्टा चालवणारा योद्धा: हात झाकणारी पोलादी मूठ, लांब लवचीक दुधारी पातं, आणि ते चौफेर फिरवून एकट्याने अनेकांना रोखून धरण्याचं कसब. शस्त्राला सरळ रेपियर या तलवारीचे आकडे द्या, म्हणजे डी८ (आठ बाजूंचा फासा) डॅमेज आणि फिनेस (ताकदीऐवजी चपळाईने वार करता येणं). नवं शस्त्र घडवायच्या भानगडीत पडू नका. शस्त्र आणि सबक्लास दोन्ही नवे असले, की तोल कुठे गेला ते शोधताना दमछाक होते.

आधी वेळापत्रक पाहा. फायटरला सबक्लासकडून ३, ७, १०, १५ आणि १८ या लेव्हलना काही ना काही मिळतं. रोगला ३, ९, १३, १७ आणि मंकला ३, ६, ११, १७. २०१४ आणि २०२४ या दोन्ही आवृत्त्यांच्या नियमांत हे आकडे सारखेच आहेत. रोगमध्ये तिसरीनंतर थेट नववी, त्यामुळे तिसऱ्या लेव्हलला दिलेली गोष्ट बराच काळ पुरली पाहिजे. फायटरमध्ये हप्ते जास्त, म्हणून प्रत्येक हप्ता लहान ठेवता येतो आणि एखादा चुकला तरी निभावतं. पंधरावी-सतरावी लेव्हल गाठणारी कॅम्पेन मोजकीच असतात, तेव्हा सगळी मेहनत पहिल्या दोन हप्त्यांवर करा.

आता पट्ट्याचा मुख्य डाव लिहू. त्याला ‘फेरा’ म्हणू: अटॅक ॲक्शनमधला एक हल्ला सोडायचा, त्याबदल्यात पाच फुटांतल्या प्रत्येकाने डेक्स्टेरिटी सेव्ह (वार टाळण्यासाठी टाकायचा फासा) करायचा, ज्याचा सेव्ह फसेल त्याला डी८ डॅमेज. ॲबिलिटी मॉडिफायर (पात्राच्या गुणामुळे मिळणारी वाढ) त्यात मिळवायचा नाही.

पाचव्या लेव्हलचा फायटर घ्या, ॲबिलिटी १८ (मॉडिफायर +४). एसी (बचावाचा आकडा) १५ असलेल्या शत्रूवर त्याचा साधा हल्ला ६५ टक्के वेळा लागतो. डी८ अधिक ४ म्हणजे सरासरी साडेआठ, म्हणून एका हल्ल्याची किंमत साधारण साडेपाच (क्रिटिकल, म्हणजे २० पडल्यावरचे दुप्पट फासे, आणि फायटिंग स्टाइलची वाढ बाजूला ठेवून). फेऱ्याचा सेव्ह डीसी (वाचण्यासाठी गाठायचा आकडा) १५. शत्रूचा डेक्स सेव्ह +२ असेल तर तो ६० टक्के वेळा फसतो, म्हणजे माणशी २.७. समोर एक शत्रू असेल तर फेरा तोट्याचा, दोन असतील तर ५.४ म्हणजे बरोबरीचा, तीन असतील तर ८.१ म्हणजे फायद्याचा. मला हवं ते नेमकं हेच: खेळाडूला दर टर्नला पटाकडे बघून ठरवावं लागतं. तेच मॉडिफायर मिळवू दिलात तर दोन शत्रूंवरच १०.२ पडतात, तिघांवर १५.३, आणि मग साधा हल्ला कोणी करणारच नाही.

‘एका टर्नमध्ये एकदाच’ हे शब्द मात्र विसरू नका. अकराव्या लेव्हलला फायटरकडे तीन हल्ले असतात. तिन्हींचे फेरे केले तर तिघा शत्रूंवर २४ च्या वर जातं, आणि वर ॲक्शन सर्ज (त्याच टर्नमध्ये आणखी एक ॲक्शन) आहेच. या तीन शब्दांनी दोन्ही वाटा बंद होतात. आणि फेऱ्यात मित्रही सापडू द्या. पट्टा फिरतो तिथे शेजारी कोणी उभं राहत नाही, आणि या एका अटीने डाव जास्त खरा वाटतो.

फायटरचा आणखी एक फायदा म्हणजे मोजपट्टी तयार आहे. फायटरचेच दोन छापील सबक्लास: खाली चॅम्पियन, वर बॅटल मास्टर. २०१४ च्या चॅम्पियनला तिसरीला १९-२० वर क्रिटिकल मिळतो, ज्याची किंमत डी८ च्या शस्त्राला हल्ल्यामागे जेमतेम पाव पॉइंट. बॅटल मास्टरला दर शॉर्ट रेस्टला (छोट्या विश्रांतीला) चार डी८, म्हणजे सरासरी १८ पॉइंट, शिवाय पाडणं, घाबरवणं, ढकलणं. तुमचा सबक्लास या दोघांच्या मध्ये बसला तर डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) चिंता नाही.

हाच फेरा रोगला दिला तर काय होतं? काहीच होत नाही. रोगला एक्स्ट्रा अटॅक, म्हणजे दुसरा हल्ला, नाही. पाचव्या लेव्हलला त्याचा एकमेव हल्ला डी८ अधिक ४ अधिक स्नीक अटॅकचे (संधी साधून केलेल्या वाराचे) ३डी६ (सहा बाजूंचे तीन फासे), सरासरी १९, आणि ६५ टक्क्यांनी साधारण १२. तो सोडून तिघांवर ८.१ कोण घेईल?

उलट फायटरला निरुपद्रवी असलेला डाव इथे घातक ठरतो. समजा तुम्ही लिहिलंत, ‘शत्रू जवळ आला की रिॲक्शनने त्याच्यावर एक हल्ला.’ फायटरला ते साडेपाच पॉइंटचं. पण स्नीक अटॅक दर राउंडला (सगळ्यांची एकेक पाळी) एकदा नसून दर टर्नला (कोणा एकाची पाळी) एकदा असतो. दुसऱ्याच्या टर्नमध्ये रोगने वार केला आणि अट जुळली तर तो पुन्हा लागतो. पाचव्या लेव्हलला आणखी १२, नवव्याला साडेसतरा. रिॲक्शन खर्च झाल्याने अनकॅनी डॉज (आलेल्या वाराचं डॅमेज अर्धं करणं) हातचा जातो हे खरं, पण तेवढ्याने हिशेब जुळत नाही.

रोगसाठी पट्टा लिहायचाच असेल तर स्नीक अटॅकच्या फाशांतूनच खर्च करायला लावा. २०२४ च्या नियमांत कनिंग स्ट्राइकने हीच वाट दाखवली आहे. उदाहरणार्थ, एक डी६ सोडा आणि लक्ष्याच्या शेजारच्या दुसऱ्या शत्रूला डी८ द्या. एकूण डॅमेज सरासरी एकाने वाढतं, पण ते विखुरतं, त्यामुळे जड होत नाही.

मंकचा मोह मला समजतो. कोल्हापूरकडचा मर्दानी खेळ पाहिला असेल तर पट्ट्यातलं अर्धं कौशल्य पवित्र्यांत, पावलांत असतं हे लगेच पटतं. तरी पहिल्यांदा लिहिणाऱ्याने इकडे वळू नये. रेपियर हे मंकचं शस्त्र नाही, म्हणजे पहिलंच वाक्य अपवाद म्हणून लिहावं लागतं. बोनस ॲक्शन (टर्नमधली जास्तीची छोटी कृती) आधीच भरलेली असते. आणि फटके खूप: ‘प्रत्येक फटक्याला जास्तीचा डी४’ हे पाचव्या लेव्हलला रोगला १.६ पडतं, फायटरला ३.२५, आणि फ्लरी (बोनस ॲक्शनमधले दोन फटके) करणाऱ्या मंकला ६.५. कुठलीही बढती ‘फक्त पट्ट्याच्या वारावर’ अशी बांधूनच द्या. एका फोकस पॉइंटची (मंकची मोजकी शक्ती, शॉर्ट रेस्टने भरणारी) किंमत काढायची तर २०२४ मध्ये फ्लरीने त्या पॉइंटला एक जास्तीचा फटका मिळतो, पाचव्या लेव्हलला साधारण साडेपाच. तुमचा डाव त्याच्या आसपास ठेवा. आणि तुमच्या टेबलावर शॉर्ट रेस्ट क्वचित होत असेल तर मंक सोडूनच द्या.

लिहिलेलं पुढे प्रसिद्ध करायचं असेल तर एक लक्षात ठेवा. जानेवारी २०२३ मध्ये एसआरडी ५.१ (खेळाच्या मूळ नियमांचा संच) क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला, पण त्यात फायटरचा फक्त चॅम्पियन आहे. बॅटल मास्टर मोजपट्टी म्हणून वापरा, त्याचा मजकूर उचलू नका.

मी स्वतः फायटरच निवडेन, आणि डीएमला दोन लढाया मागेन: एक एकट्या धिप्पाड ऑगरशी, एक सहा छोट्या गॉब्लिनशी. ऑगरसमोर फेरा न वापरताही खेळाडू गुंतलेला राहिला पाहिजे. नाही राहिला, तर सातव्या लेव्हलचा हप्ता एकट्या शत्रूला रोखून धरण्यासाठी लिहा, डॅमेज वाढवण्यासाठी नाही.