मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण: मोबाइलवरचा कोर्स, ऑनलाइन वर्ग की आपल्याच ओपीडीत शिकणं?

पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) येणारा नैराश्याचा रुग्ण "मी उदास असतो" असं कधी सांगत नाही. डोकं जड झालंय, जीव घाबरतो, झोप नाही, असं सांगतो आणि वर "एक सलाईन लावा" म्हणून अडून बसतो. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेर होते. त्यातले बरेचसे आपल्याच ओपीडीतून ॲसिडिटीची गोळी घेऊन घरी जात असणार.

त्यामुळे तालुक्यातल्या स्टाफला दूरस्थ पद्धतीने शिकवायचं ठरवलंत, तर कोणाला काय द्यायचं ते आधी बघा.

मोबाइलवरचा रेकॉर्ड केलेला कोर्स सगळ्यात सोयीचा. उपकेंद्र बंद पडत नाही, टीए-डीए नाही, रेंज असेल तेव्हा बघता येतो. बेंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१८मध्ये डिजिटल अकादमी सुरू केली. मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यात 'संगाथ' या गोव्याच्या संस्थेने आशांना नैराश्यावरचं समुपदेशन स्मार्टफोनवरून शिकवून पाहिलं. हे समुपदेशन सहा ते आठ भेटींचं, पायऱ्या ठरलेल्या. म्हणून ते फोनवर शिकवता येतं. लक्षणं, गैरसमज, कोणाला पुढे पाठवायचं, एवढ्यासाठी आशा आणि एएनएमना (उपकेंद्रातल्या नर्सना) हा मार्ग पुरतो.

पण पीएचक्यू-९ मधला, म्हणजे नैराश्य तपासायच्या नऊ प्रश्नांच्या यादीतला, नववा प्रश्न घ्या: मरून जावं असं मनात येतं का? व्हिडिओ बघून तो वाचता येतो. समोर सासू बसलेली असताना सुनेला विचारता येत नाही. आधी सासूला केसपेपर काढायला बाहेर पाठवायचं, हे कुठल्याच स्लाइडवर नसतं. आणि सर्टिफिकेटसाठी व्हिडिओ चालू ठेवून जेवायला जाणारे आपण सगळे पाहिलेत (मीही एकदा गेलोय).

दुसरा मार्ग 'इको' पद्धतीचा ऑनलाइन वर्ग. संजीव अरोरा यांनी २००३मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत हेपटायटिस सी साठी ही पद्धत सुरू केली आणि निमहान्सने ती मानसिक आरोग्य आणि व्यसनांसाठी घेतली. ठरावीक दिवशी सगळे जोडले जातात, कुणीतरी आपली केस नाव न सांगता मांडतो, तज्ज्ञ आणि बाकीचे बोलतात. सीएचओंसाठी (उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठी) मला हाच पसंत आहे. शेजारच्या तालुक्यातला माणूसही त्याच ठिकाणी अडकलाय हे कळलं की लाज जाते. मात्र ही वेळ ड्युटीत धरायला हवी. लसीकरणाच्या दिवशी वर्ग ठेवलात तर चौघेच दिसतील, तेही कॅमेरा बंद करून.

तिसरा मार्ग डॉक्टरांचा. निमहान्सच्या प्राथमिक मानसोपचार कार्यक्रमात तज्ज्ञ व्हिडिओवरून एमओच्या (पीएचसीतल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या) चालू ओपीडीत बसतो. रुग्ण तुमचा, प्रिस्क्रिप्शन तुमचं, टोकणारा तो. खर्चिक आणि कटकटीचं आहे; एका तज्ज्ञाचा सबंध वेळ थोड्याच डॉक्टरांवर जातो. तरी एमओसाठी मी पैसे इथेच घालेन. फ्लुऑक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे वाचून सगळ्यांना माहीत असतं. चौथ्या दिवशी रुग्ण "काहीच फरक नाही" म्हणत परत आला की आपला हात अल्प्राझोलमकडे, म्हणजे लगेच शांत करणाऱ्या पण सवय लावणाऱ्या गोळीकडे, जातो आणि मग ती गोळी वर्षानुवर्षं सुटत नाही. तो हात त्या क्षणी कुणीतरी धरायला लागतो.

जिल्ह्याच्या ठिकाणचं तीन दिवसांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण यात कुठे बसतं? रोल-प्लेसाठी त्याला तोड नाही. पण आठवणीत राहतं ते बहुतेक जेवण, आणि चौथ्या दिवसानंतर विचारायला कुणी नसतं. एक दिवस प्रत्यक्ष, बाकी दूरस्थ, असं जमत असेल तर तो एक दिवस नवव्या प्रश्नासाठी राखा.

कोर्स निवडताना अभ्यासक्रमाची पानं नंतर चाळा. आधी विचारा: कोर्स संपल्यावर तिसऱ्या महिन्यात माझ्या सिस्टरचा फोन कोण उचलेल, आणि औषधांच्या स्टोअरमध्ये फ्लुऑक्सेटिन आहे का? १४४१६ ही टेलि-मानसची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते आणि रुग्णाला द्यायलाच हवी. पण ती लोकांसाठी आहे. केस अडल्यावर स्टाफने विचारायचा माणूस तुमच्या जिल्हा मानसिक आरोग्य पथकातला, नावानिशी ठरलेला असावा. त्याचा नंबर कोर्सच्या लिंकबरोबरच ग्रुपवर टाका.