कॉलेजचा प्लेसमेंट सेल आणि त्याचं पोर्टल: डिग्री हातात आल्यानंतरचा अनुभव

पोर्टलवर काय काय असतं ते सांगत बसत नाही, रिझ्युमे बिल्डर, जॉब बोर्ड, ॲप्टिट्यूड टेस्ट, मॉक इंटरव्ह्यू, सिनिअर्सची यादी, सगळ्या कॉलेजांत थोड्याफार फरकाने हेच असतं आणि तुम्ही ते बघितलेलं असणारच. मी शेवटच्या वर्षापासून वापरतेय, निकालानंतरही बरेच महिने वापरलं, म्हणजे वापरायची धडपड केली असं म्हणा. आत्ता लिहायला घेतलं त्याचं कारण कॉलेजचा ईमेल. बाकी सगळ्यावर लिहिणार आहे पण आधी हे.

निकाल लागला, काही आठवडे गेले आणि कॉलेजचा ईमेल बंद झाला. बंद म्हणजे मेल येणं बंद, जाणं बंद, ड्राइव्हवरच्या फायलीही गेल्या. पोर्टलचं लॉगिन त्याच ईमेलवर, त्यामुळे पोर्टलही गेलं. पासवर्ड रिसेट करावा तर लिंक जाते त्याच बंद ईमेलवर. हेल्पडेस्कला कळवावं तर तिथे लिहिलंय की कृपया आपल्या कॉलेज ईमेलने लॉगिन करून तक्रार नोंदवा. कुणीतरी बसून हे वाक्य टाइप केलंय, कुणीतरी ते तपासून पास केलंय, आणि दोघांनाही काही खटकलं नाही.

यात नुकसान काय झालं तर एका कंपनीने दुसऱ्या राउंडची लिंक त्याच पत्त्यावर पाठवली. मेल परत गेला असणार, त्यांनी फोन केला नाही, आणि का करतील, त्यांच्याकडे उमेदवारांची रांग असते. मला पत्ता लागला तो मैत्रिणीने विचारल्यावर, ती त्याच राउंडला होती, म्हणाली तू का आली नाहीस गं.

बरं, रिझ्युमेवर तो ईमेल मी हौसेने टाकला नव्हता. पोर्टलच्या रिझ्युमे बिल्डरमध्ये ईमेलचा रकाना आधीच भरलेला असतो, करड्या रंगात, त्यावर कितीही क्लिक करा कर्सर येतच नाही. ओरिएंटेशनला सांगितलं होतं की कॉलेजच्या डोमेनवरून अर्ज गेला की समोरच्याला विश्वास वाटतो. वाटत असेलही. पण ज्या पत्त्याचं आयुष्य निकालापर्यंतच आहे तो निकालानंतर चालणाऱ्या कामासाठी सक्तीचा करायचा, यात काय डोकं लावलंय ते मला अजून समजलेलं नाही. ईमेल बंद का करता असं विचारलं तर उत्तर मिळालं लायसन्स आणि सिक्युरिटी. सिक्युरिटीचं समजू शकते, वर्षानुवर्षं पडून राहिलेली अकाउंट्स कुणीतरी हॅक करतंच. पण निदान वर्षभर मेल पर्सनल पत्त्यावर फॉरवर्ड करायला किती खर्च येतो? आणि 'सेवा मोफत आहे' हे पोर्टलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय त्याबद्दल, अहो मोफत कसली, फी भरली तेव्हाच वसूल झालीये.

आणि नोकरीचं काय सगळ्यांचं निकालाच्या आधीच जमतं का. ज्यांचं कॅम्पसमध्ये झालं त्यांना सेलची गरज तिथेच संपली, ज्यांचं नाही झालं त्यांना खरी गरज निकालानंतर, आणि नेमकं तेव्हाच दार बंद. मंदीच्या वर्षी पास होणाऱ्यांचे हाल तर आकड्यांत मोजलेले आहेत. कॅनडातल्या पदवीधरांवरचा ओरिओपुलोस, फॉन वॉखटर आणि हाइझ या तिघांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यात मंदीत पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांची कमाई सुरुवातीला साधारण ९ टक्क्यांनी कमी दिसली, हा फरक पाच वर्षांत निम्म्यावर आला आणि भरून निघायला जवळपास दहा वर्षं गेली. भरून कसा निघाला, तर बऱ्याच जणांनी नंतर नोकऱ्या बदलल्या, अधिक चांगल्या कंपन्यांत गेले. म्हणजे मदत लागते ती डिग्रीनंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत, आणि सेलच्या हिशेबात आपण तेव्हा अस्तित्वातच नसतो.

झालं, ईमेलवर आत्तापुरतं एवढंच. (परत येणार आहे.)

रिझ्युमे बिल्डर. टेम्प्लेट दिसायला सुंदर आहेत, डावीकडे रंगीत पट्टी, त्यात स्किल्सचे ठिपके, उजवीकडे शिक्षण आणि प्रोजेक्ट. आता एक करून बघा, बिल्डरमधून निघालेली पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. माझ्या डिग्रीच्या नावाच्या मधोमध 'टीमवर्क' घुसलं होतं, आणि प्रोजेक्टच्या तारखा छंदांच्या खाली. कंपनीकडे अर्ज गेला की तिथलं सॉफ्टवेअर, ज्याला एटीएस म्हणतात, ते पीडीएफमधून मजकूर उपसून रकान्यांत भरतं, आणि दोन कॉलम किंवा टेबल असलं की काही सॉफ्टवेअर असाच गोंधळ घालतात. ठिपक्यांचा तर उपयोगच नाही, पाचपैकी चार ठिपके एक्सेल म्हणजे नक्की काय येतं? मी शेवटी साध्या डॉक्युमेंटमध्ये एका कॉलममध्ये रिझ्युमे लिहिला, वर नाव, पर्सनल ईमेल, फोन, बाकी सरळ एकाखाली एक. दिसायला अगदीच कोरडा आहे पण नोटपॅडमध्ये जसाच्या तसा उतरतो.

पोर्टल रिझ्युमेला शंभरपैकी मार्क देतं तेही पकडून ठेवू नका. ते जाहिरातीतले शब्द तुमच्या रिझ्युमेत किती वेळा सापडतात ते मोजतं, त्यामुळे जाहिरात उचलून चिकटवली की मार्क वाढतात. माझे सुरुवातीला कमी आले तेव्हा लगेच 'सविस्तर सूचनांसाठी प्रो घ्या' असं बटण चमकायला लागलं. घेतलं नाही. फी भरलीये, वर आणि प्रो कशाला. शिवाय एटीएसच तुम्हाला कचऱ्यात टाकतं ही जी भीती घालतात ना ती जरा अति आहे, बऱ्याच ठिकाणी ते अर्ज साठवायला आणि शोधायला वापरतात आणि आपोआप बाहेर काढलं जातं ते फॉर्ममधल्या थेट प्रश्नांवर, कामाचा परवाना आहे का, अमुक तारखेला जॉइन होऊ शकता का, असले. ते प्रश्न घाईत टिचक्या मारत भरू नका. आणि यंत्राने दिलेल्या मार्कांवर कितपत विसंबायचं, तर ॲमेझॉनने उमेदवार निवडायला बनवलेलं स्वतःचं एआय टूल गुंडाळलं ही बातमी २०१८ मध्ये आलीच होती, ते जुन्या रिझ्युमेंवर शिकलं होतं, जुने रिझ्युमे बहुतेक पुरुषांचे, त्यामुळे बायकांचे रिझ्युमे खाली ढकलायला लागलं.

ॲप्टिट्यूड टेस्ट. नाव ॲप्टिट्यूड, पण विचारतात आवडीनिवडी, आणि त्यावरून मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतातून आलेल्या सहा प्रकारांपैकी तुमचा कोणता ते सांगतात, रियलिस्टिक, इन्व्हेस्टिगेटिव्ह वगैरे. मला कन्व्हेन्शनल निघालं, म्हणजे ठरलेल्या पद्धतीचं, नीटनेटकं ऑफिसचं काम आवडणारी. घरच्यांना आनंद झाला. बाकी उपयोग शून्य.

इथवरचं मी मागेच लिहून ड्राफ्टमध्ये टाकलं होतं आणि पाचपैकी एक स्टार देऊन मोकळी होणार होते. त्यानंतर जे झालं त्याने मत बरंच बदललंय, म्हणून वरचं तसंच ठेवून पुढे लिहितेय.

ईमेलच्या भांडणासाठी मी सेलच्या ऑफिसात जाऊन बसले. तिथे काउन्सेलर मॅडम होत्या, शेवटच्या वर्षात त्यांच्याकडे मी कधी फिरकले नव्हते कारण पोर्टलवर त्यांची अपॉइंटमेंट कायम फुल दाखवतं. प्रत्यक्षात त्या मोकळ्या बसलेल्या होत्या. ईमेल माझ्या हातात नाही म्हणाल्या, पण आलीच आहेस तर बस, रिझ्युमे दाखव. करिअर काउन्सेलिंग म्हणजे आपल्याला वाटतं आताचं फॅड, पण फ्रँक पार्सन्स यांनी बोस्टनमध्ये १९०८ सालीच यासाठी खास ब्युरो काढला होता, आणि त्यांची पद्धत म्हणजे आधी माणसाला नीट ऐकून घ्यायचं, मग कामांची माहिती, मग दोन्हीचा मेळ. मॅडम नेमकं तेच करत होत्या, आणि पोर्टल नेमकं तेच करत नाही.

मॉक इंटरव्ह्यू त्यांनी तिथेच घेतला. समोर छापील कागद, त्यावर ठरलेले प्रश्न, सगळ्यांना तेच आणि त्याच क्रमाने, शेजारी मार्कांचे रकाने. मला आधी वाटलं काय हे सरकारी काम, पण गप्पा मारत घेतलेल्या इंटरव्ह्यूपेक्षा असा बांधीव इंटरव्ह्यू उमेदवार कामात कसा निघेल हे जास्त नीट सांगतो, निवडीवरचं संशोधन १९९८ च्या श्मिट आणि हंटर यांच्या आढाव्यापासून हेच म्हणतंय. त्यामुळे खऱ्या कंपन्यांतही असाच घेतात, सराव त्याचाच हवा.

मी प्रोजेक्टबद्दल सांगायला लागले. आम्ही सर्व्हे केला, आम्ही डेटा गोळा केला, आम्ही रिपोर्ट दिला. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तुमच्या ग्रुपला नोकरी द्यायची नाहीये मला. तू काय केलंस?" मी म्हटलं विशेष काही नाही, फॉर्मवरच्या तारखा काहींनी आधी दिवस मग महिना अशा भरल्या होत्या आणि काहींनी आधी महिना मग दिवस, त्यामुळे तक्ता चुकत होता, ते मला दिसलं म्हणून मी सगळे मूळ फॉर्म काढून तारखा एकसारख्या केल्या आणि पुढच्या फॉर्मला वेगवेगळे रकाने केले. त्या म्हणाल्या, "हे रिझ्युमेत कुठंय?" नव्हतंच. तिथे 'टीममध्ये काम करण्याची क्षमता' असं होतं. ते खोडून तारखांचा किस्सा दोन ओळींत लिहिला, काय अडचण होती, मी काय केलं, काय बदललं, आणि नंतर प्रत्येक इंटरव्ह्यूला समोरचा माणूस तिथेच थांबून प्रश्न विचारायचा. पोर्टलच्या एआय मॉक इंटरव्ह्यूने मला काय सांगितलं होतं माहितीये? जास्त हसा.

दुसरी गोष्ट सिनिअर्सची यादी. ही पोर्टलवर इतकी खोल गाडलीये की मेन्यूतल्या 'इतर' खाली 'संसाधने' आणि त्याखाली. मी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं, अनोळखी माणसाला मेसेज करून नोकरी मागायची म्हणजे वशिलाच वाटतो. मॅडम म्हणाल्या नोकरी मागूच नकोस, कामाबद्दल विचार. ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा अभ्यास यावर प्रसिद्ध आहे, ज्यांना ओळखीतून नोकरी कळली त्यांना विचारलं की त्या माणसाला तुम्ही कितीदा भेटायचात, तर वारंवार भेटणारे १६.७ टक्केच निघाले, अधूनमधून भेटणारे ५५.६ आणि क्वचित भेटणारे २७.८. कारण सोपं आहे, आपल्या जवळच्या मित्रमैत्रिणींना जेवढं माहिती असतं तेवढंच आपल्यालाही असतं, नवी बातमी लांबच्या माणसाकडूनच येते. लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी युजर्सवरच्या प्रयोगांचा २०२२ चा अभ्यासही साधारण त्याच दिशेचा आहे, फक्त तिथे अगदीच परका नाही आणि फार जवळचाही नाही असा मधला माणूस सगळ्यात उपयोगी ठरला. कॉलेजचा सिनिअर म्हणजे तोच की.

माझं लॉगिन बंद, त्यामुळे मॅडमनी एका सिनिअर ताईला स्वतः विचारलं आणि मग आमची ओळख करून दिली. तिने फोनवर काम कसं असतं ते इतकं स्पष्ट सांगितलं, कंटाळवाणा भाग कोणता, साहेब लोक कशावर चिडतात, ट्रेनिंगच्या नावाखाली काय होतं, की अर्धी भीती तिथेच गेली. तिच्या टीममध्ये जागा नव्हती. पण पुढे तिनेच दुसऱ्या टीमची जाहिरात पाठवली आणि आता मी तिथे आहे, कॉन्ट्रॅक्टवर, पण आहे.

तर स्टार किती. मॅडम आणि सिनिअर्सची यादी यांना पाच, पोर्टलला एक, ईमेलच्या धोरणाला उणेमध्ये देता येत असते तर दिले असते. एकूण तीन. सगळा पैसा पोर्टलवर आणि मॅडम अख्ख्या कॉलेजला एकट्या, हे गणित कुणी मांडलं कोण जाणे.

अपडेट: ईमेलसाठी कागदावर अर्ज दिल्यावर पोर्टलचं लॉगिन पर्सनल पत्त्यावर वळवून मिळालं, सहा महिन्यांसाठी. ही सोय आधीपासून आहे म्हणे! फक्त कुठेही लिहिलेली नाही, जो विचारेल त्याला मिळते. त्यामुळे अजून कॉलेजात असाल तर निकालाची वाट न बघता आत्ताच अर्ज देऊन ठेवा, ड्राइव्हवरचं सगळं उतरवून घ्या, रिझ्युमेवर पर्सनल ईमेल टाका, आणि ज्यांना ज्यांना अर्ज केलेत त्यांना नवीन पत्ता कळवा.

आणि लॉगिन परत मिळाल्यावर पहिल्याच दिवशी जॉब बोर्डवर काय दिसावं, तर घरून डेटा एंट्री, इंटरव्ह्यू नाही, थेट निवड, जॉइन होण्याआधी ट्रेनिंग किटचे पैसे भरायचे. खरी कंपनी नोकरी देताना आपल्याकडून पैसे घेत नाही, आणि मधल्या एजन्सीनेही कामगाराकडून फी घेऊ नये हा सर्वसाधारण नियम आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या करारात लिहिलेला आहे. अशी जाहिरात कॉलेजच्या पोर्टलवर, तपासून घेतलेली म्हणून हिरव्या खुणेसकट. मी स्क्रीनशॉट काढून थेट मॅडमना पाठवला, हेल्पडेस्कच्या नादी लागले नाही. संध्याकाळपर्यंत जाहिरात उतरली होती. हिरवी खूण कशी मिळाली ते विचारलंय, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.