माझाच जुना एअर फ्लो सेन्सर मला ‘नवा’ म्हणून विकला

३८,३५० रुपये. इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या एका सेन्सरपायी गॅरेजवाल्याने माझ्याकडून काढलेला आकडा आधीच सांगून टाकतो. पहिल्या वेळी सेन्सरचे ११,८०० आणि स्कॅनिंग-मजुरीचे १,५००. दुसऱ्या वेळी ‘वॉरंटीत बसत नाही, पण तुमच्यासाठी कमी करतो साहेब’ म्हणून ९,४०० आणि वर १,२००. तिसऱ्या वेळी ‘हा खास मागवलेला, एकदम ओरिजिनल’ म्हणून १२,६०० आणि १,८५०. घाटात गाडी बसली तेव्हा टोइंगवाल्याला दिलेले ४,२०० यात धरलेलेच नाहीत.

गाडी अडीच लिटरची, कॉमन रेल डिझेल, फोर बाय फोर. चढावर पिकअप गायब, चेक इंजिनचा दिवा लागलेला, स्कॅनरवर पी ०१०१. असल्या गाड्या पाळणाऱ्यांना पुढचं सांगायला नको. गॅरेजवाल्याने कोड वाचला आणि बोनेटमध्ये वाकूनही न बघता निकाल दिला, ‘एअर फ्लो सेन्सर गेला.’

पी ०१०१ म्हणजे सेन्सर मेला असं नाही हो! ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, जेवढी हवा अपेक्षित आहे, तेवढी सेन्सरच्या आकड्यात दिसत नाही, इतकंच तो कोड सांगतो. वायर तुटली किंवा सिग्नलच आला नाही तर बहुतेक वेळा पी ०१०२ किंवा पी ०१०३ येतात. हवा खरंच कमी येत असेल तर बिचारा सेन्सर खरंच बोलतोय. अशा वेळी सेन्सर बदलणं म्हणजे ताप दाखवला म्हणून थर्मामीटर फेकून देणं. पण हे मला आज कळतंय. तेव्हा माझ्यासमोर वीस वर्षं डिझेलमध्ये हात काळे केलेला माणूस उभा होता आणि मी बँकेत नोकरी करतो. मी कुणावर विश्वास ठेवायचा होता?

आणि त्याने ‘सिद्ध’ही करून दाखवलं. सेन्सरचं सॉकेट काढलं, मला शेजारी बसवून गाडी रस्त्यावर काढली, आणि गाडी सुसाट. ‘बघा, सेन्सर काढला की पळते. म्हणजे सेन्सरच.’ हे नाटक जवळजवळ प्रत्येक गॅरेजमध्ये होतं, म्हणून त्यातली मेख नीट समजून घ्या. डिझेलमध्ये आत आलेली हवा मोजून ईसीयू ठरवतो की धूर न होता जास्तीत जास्त किती डिझेल मारायचं. हवा कमी मोजली गेली की तो डिझेलचा हात आखडता घेतो आणि गाडी मरगळते. सॉकेट काढलं की ईसीयू स्वतःकडचा ठरावीक आकडा धरून चालतो, डिझेल मोकळं सोडतो, गाडी पळते. म्हणजे सेन्सर खराब असला तरी गाडी पळणार, आणि सेन्सर चांगला असून हवा खरंच कमी येत असली तरीही पळणार. फरक एकच: हवा खरंच कमी असेल तर मागे काळा धूर निघतो. त्या दिवशी आरशात काळा लोट मला दिसत होता. मी विचारलंही. ‘डिझेल आहे साहेब, धूर मारणारच.’

पहिला सेन्सर बसला, कोड खोडला, दिवा गेला. कोड खोडला की दिवा काही दिवस जातोच, ईसीयूची तपासणी पुन्हा पूर्ण होईपर्यंत. पुन्हा दिवा, पुन्हा गॅरेज, दुसरा सेन्सर. ‘लॉट खराब आला होता.’ जुना पीस मागितला तर म्हणे कंपनीला परत पाठवावा लागतो. पक्कं बिल मागितलं तर म्हणे जीएसटी वर लागेल, तुम्हालाच महाग पडेल. पैसे यूपीआयने, तेही गॅरेजच्या नावावर नाही, ‘पार्टवाल्याच्या’ वैयक्तिक खात्यावर. आता हे एकामागोमाग एक लिहिल्यावर शेंबड्या पोरालाही कळेल. घडत असताना प्रत्येक गोष्ट आठवड्या-पंधरा दिवसांच्या अंतराने येते, आणि तुम्हाला फक्त गाडी हवी असते.

तिसरा सेन्सर. यावर माझी झोप गेली आहे. गॅरेजवाल्याने डबा माझ्यासमोर फोडला. नामांकित कंपनीचा डबा, होलोग्राम, आत सीलबंद पिशवी. सेन्सर हातात घेतला तर प्लास्टिक स्वच्छ, चकचकीत, आणि कसल्यातरी स्प्रेचा उग्र वास. बुडाशी काळी ओ-रिंग असते, पाइपात घट्ट बसायला. नवी ओ-रिंग गोल आणि फुगीर असते. ही एका बाजूने चपटी झालेली होती, आणि तिच्या खाचेत, नखाने काढता येईल इतकी, बारीक लाल माती होती. सीलबंद पिशवीतून निघालेल्या सेन्सरला लाल माती! मी बघितली. अंगठ्याने पुसली. बोट पँटला पुसलं आणि ‘बसवा’ म्हटलं. बाहेर घरचे गाडीत बसून होते, अंधार पडत होता, पोरगा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तयार उभा होता. कुणीही हेच केलं असतं असं मी स्वतःला सांगतो, आणि रात्री दोन वाजता ती माती पुन्हा डोळ्यांसमोर येते.

डब्यावर एमआरपी नव्हती. आयात करणाऱ्याचं नाव-पत्ताही नव्हता. आयात मालाच्या किरकोळ पॅकवर हे दोन्ही छापलेलं असावंच लागतं. डबा फोडण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा, मागाहून कुणी विचारत नाही.

पुन्हा घाटात गाडी बसल्यावर एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने कोडकडे ढुंकूनही बघितलं नाही. आधी मल्टिमीटर: सॉकेटला १२ व्होल्टचा सप्लाय येतोय का, अर्थिंगमध्ये किती ड्रॉप आहे, इग्निशन ऑन आणि इंजिन बंद असताना सिग्नल किती. बऱ्याच अॅनलॉग सेन्सरांत तो साधारण १ व्होल्ट असतो, माझाही तेवढाच निघाला. मग लाइव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनचे आकडे स्कॅनरवर. त्याने कागदाच्या चिठोऱ्यावर हिशोब मांडला: अडीच लिटर, चार सिलिंडर, म्हणजे एका सिलिंडरला ६२५ सीसी. एक लिटर हवेचं वजन सव्वा ग्रॅमच्या आत-बाहेर. सिलिंडर काही पूर्ण भरत नाही, तेव्हा ईजीआर (एग्झॉस्टचा थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद असताना आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, दर स्ट्रोकला सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास हवा दिसायला हवी. माझ्या गाडीत ईसीयू ईजीआर बंद ठेवायला सांगत होता आणि आकडा ३१० वर अडलेला. त्याने ईजीआरच्या पाइपात तपासणीपुरती पत्र्याची चकती घातली. आकडा थेट ६१० वर.

सेन्सर पहिल्यापासून खरं बोलत होता. ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अर्धवट उघडा अडकला होता, एग्झॉस्टचा धूर उलट आत येत होता आणि तेवढी ताजी हवा कमी पडत होती. व्हॉल्व्ह काढून साफ केला, दोन गॅस्केट, मजुरी धरून ३,७०० रुपये. दिवा आजतागायत लागलेला नाही. (ती चकती कायमची ठेवून द्या असे सल्ले मिळतील, ऐकू नका. प्रदूषणाच्या नियमांत ते बसत नाही.)

मग त्याने सेन्सर बाहेर काढला, अंगावर कोरलेला सीरियल क्रमांक वाचला आणि विचारलं, ‘दादा, हा तर कंपनी फिटिंगचा दिसतोय, बदललाच कुठे?’ पहिल्या वेळी किंमत विचारायला म्हणून मी मूळ सेन्सरचा फोटो काढला होता. मोबाइल उघडला. तोच क्रमांक, शेवटच्या अंकापर्यंत. आधी दोन डुप्लिकेट विकले, आणि ते चालेनात तेव्हा माझाच सेन्सर स्प्रेने धुऊन, डब्यात घालून, मलाच १२,६०० ला. त्यातही कहर म्हणजे तिघांत चांगला तोच होता.

आता दाद मागायला गेलो ती कथा. पोलीस ठाण्यात सांगितलं, हे दिवाणी स्वरूपाचं आहे. मी म्हटलं, जुना माल नवा म्हणून विकला, क्रमांकाचा फोटो आहे, फसवणूक अजून वेगळी काय असते? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मीच त्यांना वाचून दाखवलं. ‘वकील आहात का?’ नाही. ‘मग अर्ज ठेवून जा.’ अर्जाची पोच मागितली तर शिक्का मारणारे जेवायला गेले होते, आणि परत येईपर्यंत त्यांची ड्युटी संपली. सायबरवाल्यांनी सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः, ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून पाठवलेत, हे आमच्यात येत नाही. बँक, म्हणजे माझ्याच पेशातले लोक, म्हणाले व्यवहार तुम्ही पिन टाकून केलाय. ज्या कंपनीच्या नावाचा डबा होता तिच्या कस्टमर केअरने बिल मागितलं. बिल असतं तर मी तुमच्याकडे कशाला आलो असतो? वजनमापवाल्या कार्यालयात साहेबांनी डबा फिरवून-फिरवून बघितला, ‘एमआरपी नाही खरं’ असं मान्य केलं, आणि तक्रार पॅक सीलबंद असताना करायला हवी होती म्हणाले. सीलबंद असताना मला कसं कळणार आत माझाच सेन्सर आहे ते? यावर ते हसले. हसले!

एक दार उघडं आहे आणि ते कुणी सांगत नाही, म्हणून लिहितो. बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे ‘बिल नाही तर केस नाही’ असं कुणी म्हटलं तर उठून येऊ नका. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. यूपीआयचे स्क्रीनशॉट, ‘ओरिजिनल आहे साहेब’ असे व्हॉट्सअॅप मेसेज, क्रमांकाचे दोन फोटो आणि इलेक्ट्रिशियनचा तो चिठोरासुद्धा मी जोडला. आणि गॅरेजमध्ये जाण्याआधी निघणाऱ्या पार्टचा सीरियल क्रमांक टिपून ठेवा, जुना पीस हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, ‘लाइव्ह डेटा दाखव’ म्हणा. तो दाखवायला टाळाटाळ करत असेल तर किल्ली घ्या आणि निघा.

गॅरेजवाल्याला गेलेली आयोगाची नोटीस ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आली. नकार दिला तरी बजावणी झाली असंच आयोग धरू शकतो, तशी तरतूद कायद्यात आहे. पुढची तारीख पडली आहे.